फुलांच्या सजावटीत लग्नाची मागणी घालताना : पहिल्या बोलण्यापासून शेवटच्या पाकळीपर्यंतचा क्रम

खान्देशात फुलांच्या सजावटीत लग्नाची मागणी घालण्याचे जे बेत फसतात, त्यांतले बहुतेक एकाच कारणाने फसतात. फुले सर्वांत आधी ठरवली जातात, सर्वांत आधी आणली जातात आणि सकाळीच लावून ठेवली जातात. मग ती व्यक्ती संध्याकाळी पोहोचेपर्यंत गुलाबांच्या माना पडलेल्या असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या कोरड्या हवेत फुलाचे आयुष्य तासांत मोजावे लागते. त्यामुळे हा सगळा बेत प्रश्न विचारण्याच्या क्षणापासून मागे मोजत आखावा आणि फुले जागेवर सर्वांत शेवटी चढवावीत. पुढील टप्पे याच हिशेबाने मांडले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये.

टप्पा १ : होकाराचा अंदाज आधी घ्यावा

सजावट कितीही मोठी असली, तरी लग्नाचा विषय त्या दिवशी पहिल्यांदा निघता कामा नये. लग्न करायचे आहे का, साधारण कधी करायचे आहे, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला राहायचे की गावाकडे परतायचे, आई-वडिलांची जबाबदारी कशी वाहायची, या गोष्टी दोघांमध्ये निवांतपणे बोलून झालेल्या असाव्यात. त्या व्यक्तीला अनपेक्षित वाटायला हवी ती वेळ आणि जागा. प्रश्न तिच्या ओळखीचा असावा. हजार फुलांसमोर आणि दहा मोबाईल कॅमेऱ्यांसमोर उभे राहून कोणालाही मोकळेपणाने "मला विचार करायला वेळ हवा" असे म्हणता येत नाही, आणि अशा दडपणाखाली आलेला होकार दोघांनाही पुढे जड जातो.

घरच्यांचा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. सुपारी आणि साखरपुडा मोठ्यांच्या हातून होतो आणि मागणी परस्पर घातल्याचे तिसऱ्याकडून कळले, तर घरची वडीलधारी माणसे मनातून दुखावतात. माझे मत असे आहे की दोन्ही घरांतील प्रत्येकी एका विश्वासू व्यक्तीला, म्हणजे बहीण, वहिनी किंवा मामाला, आधी सांगून ठेवावे आणि आई-वडिलांना होकार मिळाल्यानंतर त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून फोन करावा. जिथे आंतरजातीय विवाहाचा किंवा घरच्या विरोधाचा प्रश्न आहे, तिथे सार्वजनिक जागा आणि समाजमाध्यमांवरील छायाचित्रे पूर्णपणे टाळावीत.

तपासणी : गेल्या सहा महिन्यांत त्या व्यक्तीने "आपले लग्न" हे शब्द आपणहून वापरले आहेत का? उत्तर नाही असेल, तर फुलांची चौकशी थांबवावी आणि आधी हे बोलणे पूर्ण करावे.

टप्पा २ : तारीख आणि वेळ

खान्देशात या कामासाठी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा हा काळ सर्वांत सोयीचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि अशा दिवशी उघड्यावर लावलेला गुलाब तासाभरात मलूल होतो. उन्हाळ्यातच करायचे असेल, तर बंदिस्त आणि वातानुकूलित जागा घ्यावी आणि सूर्यास्तानंतरची वेळ धरावी.

तारखेचा दुसरा संबंध फुलांच्या भावाशी आहे. दसरा-दिवाळीला झेंडू, मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेवंती, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुलाब आणि लग्नतिथीला सगळीच फुले महाग होतात. श्रावणात कानबाईच्या उत्सवाच्या वेळी आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगावी मागणी असते, शिवाय फुलवाल्यांना बोलायलाही सवड नसते. दिनदर्शिकेत लग्नतिथी पाहून तिच्या आधीचा आणि नंतरचा एक दिवस सोडून तारीख धरावी.

वेळ ठरवताना सूर्यास्त पाहावा. जळगावला डिसेंबरच्या सुरुवातीस सूर्य साधारण पावणेसहाला मावळतो, जानेवारीअखेरीस सव्वासहाच्या सुमारास. प्रश्न विचारण्याची वेळ सूर्यास्तानंतर लगेचच्या पंधरा मिनिटांत धरली, तर आकाशात उजेड असतो, दिव्यांच्या माळा उठून दिसतात, मधमाश्या परतलेल्या असतात आणि निशिगंध व मोगरा यांचा वास त्याच वेळी चढू लागतो.

टप्पा ३ : जागा

जागा पाहायला त्याच वेळी जावे ज्या वेळी प्रसंग घडणार आहे. दुपारी शांत असलेल्या तलावाकाठी संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी होते. जळगावचा मेहरूण तलाव हे त्याचे ठळक उदाहरण. नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला थंडी आणि यशवंत तलावाचा परिसर दोन्ही मिळतात, परंतु घाटातून फुलांचा टेम्पो वर नेण्याचा वेळ, मोबाईलची रेंज आणि रात्री मुक्कामाची सोय आधी प्रत्यक्ष जाऊन पाहावी लागते. धुळ्याजवळच्या लळिंगसारख्या किल्ल्यावर सामान आणि पाणी डोक्यावरून चढवावे लागते, म्हणून तिथे मोठी सजावट करण्याचा विचार सोडून द्यावा.

पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो आणि रावेर तालुक्यातल्या पाल गावाच्या बाजूला यावल अभयारण्य आहे. अशा ठिकाणी वनविभागाच्या परवानगीशिवाय सजावट, दिवे, ध्वनिक्षेपक किंवा आग यांतले काहीही करू नये; वाळलेल्या गवतात एक मेणबत्ती कलंडली तरी वणवा लागतो. धरणाच्या भिंतीवर आणि रेल्वेच्या हद्दीतही असेच समजावे. ड्रोनने चित्रीकरण करायचे असल्यास त्या हद्दीत उडवण्यास परवानगी आहे का, हे चालवणाऱ्याकडून लेखी घ्यावे.

या सर्वांपेक्षा मला स्वतःला शेत अधिक योग्य वाटते. ओळखीच्या माणसाच्या शेतात विहिरीचे पाणी असते, वीज असते, झाडांची सावली असते, बाहेरचे कोणी येत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत तिथे बोलावण्यासाठी भरीत पार्टीसारखे कारण आयते मिळते. खान्देशी माणसाला हिवाळ्यात शेतात भरीत आणि कळण्याची भाकरी खायला बोलावले, तर त्याच्या मनात शंकाही येत नाही.

इशारा : वांगी भाजण्याची जागा फुलांपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावी. भरिताची वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे वाळलेल्या झाडांच्या काड्यांवर, भाजतात; त्यांच्या धुरात इथिलीन वायू असतो आणि तो फुलांना लवकर म्हातारे करतो.

टप्पा ४ : फुलांची निवड आणि मोजदाद

फुलांचे तीन गट करावेत, कारण त्यांची सहनशक्ती वेगवेगळी असते. पहिला गट झेंडू, शेवंती आणि अॅस्टर यांचा. ही फुले पाण्याविना कित्येक तास टिकतात आणि सजावटीचा मोठा पृष्ठभाग यांनीच भरावा. दुसरा गट डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन, लिली आणि जिप्सो (भरणीची बारीक पांढरी फुले) यांचा; यांचे देठ पाण्यात किंवा भिजवलेल्या फोममध्येच, म्हणजे फुले टोचण्याच्या पाणी धरणाऱ्या विटेत, राहिले पाहिजेत. तिसरा गट मोगरा, निशिगंधाची सुटी फुले आणि गुलाबाच्या पाकळ्या यांचा, जो शेवटच्या पाऊण तासात लागतो. "सगळे गुलाबच हवेत" असा आग्रह उघड्या जागेसाठी धरू नये. नजरेच्या उंचीवर आणि छायाचित्रात येणाऱ्या भागात गुलाब, बाकी सर्वत्र पहिल्या गटातील फुले, असे केल्यास सजावट भरगच्च दिसते आणि टिकते.

किती फुले लागतील हे अंदाजाने सांगणाऱ्यावर विसंबू नये. बाजारातून एक जुडी आणावी आणि कमानीचा एक फूट भाग स्वतः भरून पाहावा. समजा, ७ फूट उंच आणि ५ फूट रुंद कमान आहे. दोन्ही खांब आणि वरची पट्टी मिळून १९ फूट होतात. एका फुटाला १२ गुलाब लागले, तर २२८ गुलाब झाले. त्यात मोडतोडीसाठी १५ टक्के धरले की २६२ होतात. डच गुलाब सहसा २० च्या जुडीत मिळतो, म्हणून १४ जुड्या मागवाव्यात. पायवाटेसाठीही हीच रीत आहे : जुन्या चादरीवर एक चौरस फूट आखून पाकळ्या पसराव्यात, त्यांचे वजन करावे आणि वाटेच्या क्षेत्रफळाने गुणावे. २० फूट लांब व ३ फूट रुंद वाट ६० चौरस फूट भरते. एका चौरस फुटाला ६० ग्रॅम लागले, तर ३ किलो ६०० ग्रॅम पाकळ्या हव्यात. मोठ्या बेतात खर्च हाताबाहेर जातो तो या एका तासाच्या मोजणीचा कंटाळा केल्यामुळे.

फुलांच्या अक्षरांत वाक्य लिहायचे असल्यास ते आखूड ठेवावे. घरात अहिराणी बोलली जात असेल, तर "मन्हासंगे लगीन करशी का?" या चार शब्दांची जागा इतर कोणत्याही भाषेतले वाक्य घेऊ शकत नाही. अक्षरे आधी खडूने पूर्ण आकारात आखून पाहावीत. अनुस्वार, वेलांटी आणि रफार यांना जागा ठेवायचे विसरले जाते.

इशारा : त्या व्यक्तीला दमा किंवा परागकणांची अॅलर्जी असल्यास लिली आणि शेवंती वगळावी. घरात मांजर असेल तर लिली अजिबात आणू नये, ती मांजरांना विषारी असते. लिलीचे परागकोश उमलताच चिमटीने काढावेत, नाहीतर कपड्यांवर न निघणारे डाग पडतात.

टप्पा ५ : मागणी नोंदवणे आणि वाहतूक

झेंडू, शेवंती आणि सुटी फुले स्थानिक फुलबाजारात मिळतात. डच गुलाब, कार्नेशन आणि ऑर्किड मोठ्या संख्येने हवे असतील, तर ते बहुधा नाशिक, पुणे किंवा मुंबईकडून मागवावे लागतात. नाशिकहून धुळेमार्गे जळगावला यायला रस्त्याने पाच-सहा तास लागतात, म्हणून माल रात्री निघून पहाटे पोहोचेल असे ठरवावे. फुलवाल्याला फुलांची जात, रंग, देठाची लांबी, जुड्यांची संख्या आणि कळी किती उमललेली हवी हे लिहून द्यावे. गुलाब अर्धवट उमललेला मागवावा. घट्ट कळी वेळेवर उघडत नाही आणि पूर्ण उमललेले फूल प्रवासात झडते. आगाऊ रक्कम अर्ध्यापेक्षा जास्त देऊ नये आणि एखादा रंग न मिळाल्यास पर्यायी रंग कोणता, हेही त्याच कागदावर असावे.

वाहनात खोकी उभी रचावीत, एकावर एक दाबू नयेत. बर्फ वापरायचाच असेल, तर पाण्याच्या बाटल्या गोठवून वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात आणि त्या पाकळ्यांना टेकू देऊ नयेत.

आता केळीबद्दल. माझ्या मावसभावाच्या वेळी आम्ही रावेरकडच्या एका ओळखीच्या केळी पिकवणी केंद्रात थंड खोली मिळाली म्हणून आनंदाने कार्नेशनची खोकी रात्रभर तिथे ठेवली. सकाळी पाहिले, तर सगळ्या पाकळ्या आत वळून फुले मिटल्यासारखी झाली होती. केळी पिकवण्यासाठी तिथे इथिलीन सोडतात, पिकणारी केळी स्वतःही तो वायू सोडतात आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. शिवाय केळीची खोली १३-१४ अंशांवर असते, तर गुलाबाला २ ते ४ अंश तापमान लागते. ऑर्किड आणि अँथुरियमचे उलट आहे. त्यांना इतकी थंडी मानवत नाही, ती डागाळतात. आमच्या भागात शीतगृह म्हटले की आधी केळीचेच आठवते, म्हणून हे इतके सविस्तर सांगितले. केळी, आंबे, सफरचंद किंवा टोमॅटो ठेवलेल्या कोणत्याही खोलीत फुले ठेवू नयेत. घरच्या फ्रिजलाही हाच नियम लागू होतो.

टप्पा ६ : फुले पोहोचल्यावरचे पहिले चार तास

खोकी उघडताच फुले सजावटीला लावण्याची घाई होते, आणि नेमकी तीच मोठी चूक ठरते. प्रवासात देठ कोरडे पडलेले असतात. त्यांना आधी पाणी पिऊ द्यावे.

बादल्या साबणाने घासून स्वच्छ कराव्यात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यापेक्षा पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे. प्रत्येक देठ धारदार सुरीने तिरका, दोन-तीन सेंटिमीटर कापावा. बोथट कात्रीने देठ चिरडला जातो आणि पाणी वर चढत नाही. पाण्याच्या पातळीखालची सर्व पाने काढावीत, कारण ती कुजून पाणी नासवतात. गुलाब खोल पाण्यात, जरबेरा मात्र उथळ पाण्यात ठेवावा, कारण त्याचा मऊ, लवयुक्त देठ फार पाण्यात सडतो. बादल्या सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, किमान चार तास ठेवाव्यात. प्रवासासाठी गुलाबाच्या कळीवर चढवलेली जाळी या काळात काढू नये.

झेंडू बंद प्लास्टिकच्या पिशवीत राहिला की आतून गरम होऊन काळा पडतो. तो आल्याबरोबर ओल्या गोणपाटावर पातळ थरात पसरावा. मोगऱ्याचे गजरे ओलसर सुती कापडात आणि वरून केळीच्या पानात गुंडाळून ठेवावेत.

फोमची वीट भिजवताना ती पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यावी. हाताने दाबल्यास आत कोरडी पोकळी राहते आणि तिथे टोचलेले फूल पाण्यावाचून मरते. एकदा टोचलेला देठ थोडाही मागे ओढू नये.

तपासणी : चार तासांनी गुलाबाची मान बोटाने हलकेच टेकवून पाहावी. ती ताठ असेल तरच फूल सजावटीला घ्यावे. मऊ लागलेली फुले वेगळी काढून त्यांच्या पाकळ्या वाटेसाठी वापराव्यात.

टप्पा ७ : उभारणी

डिसेंबरमधील सहा वाजताचा क्षण धरून मागे मोजू. सकाळी अकराला लोखंडी किंवा बांबूचा सांगाडा उभा करावा आणि चारही बाजूंनी हलवून पाहावा. उघड्या शेतात त्याच्या पायांना वाळूची पोती बांधल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण फुले चढली की सांगाडा वरून जड होतो. दोनला वीज, दिव्यांच्या माळा आणि ध्वनी यांची चाचणी घ्यावी. ग्रामीण भागात भारनियमनाचे वेळापत्रक आधी विचारून ठेवावे आणि जनरेटर असल्यास तो निदान पन्नास पावले लांब, झाडामागे ठेवावा. साडेतीनला सजावटीचा पाला आणि झेंडू-शेवंतीच्या माळा. साडेचारला फोममधील गुलाब, जरबेरा व जिप्सो, तेही आधी सावलीच्या बाजूने. सव्वापाचला पाकळ्या, गजरे आणि पाण्यात तरंगणारी फुले. पाच चाळीसला सगळा पसारा, बादल्या आणि पादत्राणे नजरेआड करून मदतनीस बाजूला झालेले असावेत.

पाकळ्यांची वाट फरशीवर असेल, तर मधोमध दीड फूट मोकळी जागा ठेवावी. ओल्या पाकळ्यांवरून पाय घसरतो. पांढऱ्या कापडावर ओला झेंडू टेकू देऊ नये, पिवळा डाग पडतो. बाजारात मिळणाऱ्या निळ्या किंवा चमकी मारलेल्या फुलांचा रंग हाताला आणि कपड्याला लागतो, त्यामुळे ती हातात द्यायच्या गुच्छात नसावीत. मेणबत्त्या काचेच्या चिमणीतच ठेवाव्यात आणि पाण्याची एक भरलेली बादली जवळ, पण दिसणार नाही अशी असावी.

टप्पा ८ : अंगठी आणि गुप्तता

जळगावात सोन्याच्या पेढ्यांना तोटा नाही, चूक होते ती मापात. त्या व्यक्तीची नेहमी घालायची अंगठी तासाभरासाठी मिळवून सोनाराकडून माप घ्यावे. मधल्या बोटाची अंगठी अनामिकेला होत नाही, हे लक्षात ठेवावे. थंडीत बोट किंचित बारीक होते, उन्हाळ्यात फुगते, म्हणून माप नंतर कमी-जास्त करता येईल अशीच घडण निवडावी. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहून घ्यावा. त्या दिवशी अंगठी एकाच माणसाकडे असावी.

गुपित फुटते ते मोबाईलमुळे. फुलवाल्याचा संदेश पडद्यावर उमटतो, फुलांची रक्कम दिल्याची सूचना सामायिक खात्यावर जाते, सजावटीच्या नमुन्यांचे फोटो दोघांच्या एकत्र अल्बममध्ये आपोआप चढतात. सर्व व्यवहार मदत करणाऱ्या एका विश्वासू व्यक्तीच्या क्रमांकावरून करावेत. सूत्रे हातात ठेवणारी व्यक्तीही तीच असावी. सल्ले देणारे चारजण चालतील, निर्णय घेणारा एकच हवा.

टप्पा ९ : त्या व्यक्तीला जागेवर आणणे

कारण असे असावे की ती व्यक्ती आनंदाने येईल. अपघात, आजारपण किंवा भांडण यांचे खोटे कारण कधीही वापरू नये. घाबरून धावत आलेल्या माणसाला फुले दिसत नाहीत. भरीत पार्टीला लोक साध्या कपड्यांत येतात, म्हणून एखाद्या मैत्रिणीने "सगळ्यांचे फोटो काढायचे आहेत, चांगले आवरून ये" असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. सोबत येणाऱ्या व्यक्तीने निघताना, फाट्यावर वळताना आणि पोहोचण्याच्या पाच मिनिटे आधी असे तीनदा कळवावे. रस्त्यावरचा अर्ध्या तासाचा उशीर आधीच गृहीत धरावा. त्याहून उशीर होणार असेल, तर पाकळ्या पसरण्याचे काम थांबवून गजरे पुन्हा ओल्या कापडात ठेवावेत.

टप्पा १० : प्रश्न आणि त्यानंतर

वाटेच्या टोकाला ती व्यक्ती पोहोचल्यावर संगीत मंद करावे आणि पहिली मिनिटभर तिला नुसते पाहू द्यावे. नंतर चार-पाच वाक्ये स्वतःच्या शब्दांत बोलावीत. पाठ केलेले भाषण पहिल्याच हुंदक्याला विसरले जाते. प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. कॅमेरा लांबून आणि बाजूने चालावा. नातेवाईक, मित्र आणि फटाके लपलेलेच राहावेत. होकार मिळाल्यावर ठरलेल्या खुणेनेच त्यांनी बाहेर यावे. उत्तराला वेळ मागितला गेला, तर खूण करायची नाही, मदतनिसांनी मागच्या मागे निघून जायचे आणि दोघांना एकांत द्यायचा, हे सर्वांना आधीच बजावलेले असावे.

होकारानंतर आधी घरच्यांना फोन, मग जेवण, मग छायाचित्रे. समाजमाध्यमांवर काही टाकायचे ते दोघांनी ठरवून, दुसऱ्या दिवशी.

आवराआवर त्याच रात्री निदान अर्धी तरी करावी. फोममधील चांगले गुलाब काढून, देठ पुन्हा कापून बादलीत ठेवले तर घरी आणखी काही दिवस टिकतात. झेंडू आणि पाकळ्या दोरा काढून खताच्या खड्ड्यात टाकाव्यात, तापी-गिरणेच्या पाण्यात सोडू नयेत. फोम मातीत कुजत नाही, तो वेगळ्या पोत्यात भरावा. शेतमालक "गुरांना टाका" असे म्हणाला, तरी सजावटीची फुले गोठ्यात जाऊ देऊ नयेत : त्यांवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असते, आणि माळेत राहिलेला तारेचा एक तुकडा गायीच्या पोटात गेला तर तिच्या जिवावर बेततो.